चार दिवस नीट चाललेलं मशीन

पुण्याबाहेरच्या रिह्याच्या खोऱ्यात भात कापायला आलं की त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. घोटावड्याचे कारखाने मागे पडले की एका वळणावर तो अचानक गाडीत शिरतो. ओलसर, गोडसर, थोडा तांदळाच्या गरम भाकरीसारखा. माझ्या ऑफिसातली मंडळी अशा वेळी गाडी थांबवून फोटो काढतात, कुणाकडून तरी इंद्रायणी तांदूळ घेतात आणि सोमवारी डब्यात त्याचा भात आणून सगळ्यांना वास देतात. मी काच वर करून घेते. चार वर्षं झाली, तरी त्या वासाबरोबर मला एक आवाज ऐकू येतो. चालत्या मशीनचा पंखा मंदावतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग बारीकशी शिट्टी वाजून सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कापलेलं भात आणि बंद पडणारा कॉम्प्युटर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण दोन हजार सहाच्या त्या कार्तिकात माझ्या आयुष्यात या दोनच गोष्टी चालू होत्या.

तेव्हा मी हिंजवडीजवळ नेऱ्यात राहत होते. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांनी मागचा गोठा पाडून तिथे ओळीने सहा खोल्या काढल्या होत्या आणि त्या हिंजवडीत कामाला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना दिल्या होत्या. आमच्या खोलीच्या भिंतीत गोठ्यातली गव्हाण तशीच राहून गेली होती. आम्ही तीत चपला ठेवायचो. आम्ही म्हणजे मी आणि वैशाली. मी परभणीची, ती जळगावची. कंपनी एक, विभाग वेगळे. पहिल्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा तिने माझे कपडे धुतले होते, पातळ खिचडी करून भरवली होती आणि मी रडले तेव्हा उगाच समजूत न घालता शेजारी बसून राहिली होती. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, तुला माणसं ओळखता येत नाहीत. मला येतात. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या आणि त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या. या कामाने स्वभाव थोडा खडूस होतो. मी कंत्राटावर होते आणि कंत्राट डिसेंबरात संपत होतं. दिवाळीच्या आधी कळलं की आमच्या वरच्या टीममध्ये एक जागा निघाली आहे, कायमची. ज्यांना ती हवी त्यांनी टेस्टिंग आपोआप करणारा एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून आणायचा, तुळशीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या सोमवारी द्यायचा. ऑफिसच्या मशीनवर आम्हा कंत्राटी लोकांना काहीही टाकायला बंदी होती, म्हणजे लिहायचं ते घरी. जागा मिळाली नाही तर परभणीला परत. तिथे आई वाट बघत होती आणि आईपेक्षा जास्त वाट एक स्थळ बघत होतं. मुलगा वाईट नव्हता. मलाच परत जायचं नव्हतं. मी वैशालीला म्हटलं, तूही फॉर्म भर. ती हसली, म्हणाली मला कुठलं जमतंय, तू भर, तुझं होईल.

मशीन माझं होतं. जोडून घेतलेलं, दुसऱ्याकडून आलेलं, पुण्याहून सहा आसनी रिक्षात मांडीवर धरून आणलेलं. दसऱ्यापर्यंत ते गुणी होतं. दसऱ्यानंतर बिघडलं. कधी वीस मिनिटांत निळा पडदा यायचा, कधी माउस जागच्या जागी गोठायचा, कधी दोन तास नीट चालून नेमकं सेव्ह करताना मान टाकायचं. एकदाच बिघडून पडलं असतं तर दुरुस्त करून आणलं असतं. हे मधूनमधून चांगलं चालायचं, त्यामुळे आशा सुटत नव्हती.

पहिला संशय व्होल्टेजवर. आक्कांची विहिरीवरची मोटार सुरू झाली की खोलीतला दिवा पिवळा पडायचा. मग उष्णतेवर. कॅबिनेटचं एक झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तर कॉम्प्युटर गार आणि आम्ही दोघी घामाघूम. मग चौथ्या खोलीतला सोलापूरचा महेश आला. त्याने आतली रॅमची पट्टी उपसून तिची सोनेरी कड खोडरबरने घासली, फुंकर मारली आणि परत बसवली. खोडरबर हे तेव्हा आमच्या ओळीतलं सर्वमान्य औषध होतं. मशीन दीड दिवस चाललं. महेशची कॉलर दीड दिवस ताठ होती.

मग बाकीचे सरसावले. सहा खोल्यांत मिळून अकरा जण, सगळे कॉम्प्युटरवाले, सगळे आपल्या गावापासून दूर. कुणाचं काही अडलं की धावून जायचं, ही आमची रीत होती. ती चांगलीच होती, मी आजही तसंच म्हणेन. प्रत्येक जण येताना आपली सीडी घेऊन यायचा. एकाने व्हायरस मारणारं सॉफ्टवेअर टाकलं. दुसरा म्हणाला, ते बेकार आहे, हे घे. त्याने त्याच्या पसंतीचं टाकलं. तिसऱ्याने मेमरी मोकळी करणारं काहीतरी आणलं, चौथ्याने नको त्या फायली झाडून काढणारं. महेशने दसऱ्याला कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायचं कार्ड माझ्या मशीनमध्ये बसवून सगळ्यांना मॅच दाखवली होती. नंतर कार्ड काढून नेलं, पण ते चालवणारा ड्रायव्हर आतच राहिला. पडद्याचाही एक जुना ड्रायव्हर होता आणि त्याच्यावर कुणीतरी नवा चढवला होता.

आता मला कुणीही विचारेल, बाई, तू टेस्टर ना? नवं टाकताना जुनं काढायचं असतं, एवढं तुला कळत नव्हतं? कळत होतं. पण ज्याने टाकलं तो दुसऱ्या दिवशी नळावर भेटायचा आणि विचारायचा, चालतंय ना मी टाकलेलं? त्याने आपली झोप मोडून, स्वतःच्या सीडीवरून टाकलेलं मी काढून टाकलं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? शेजारणीने वाटीभर भाजी दिली तर ती आवडली नाही म्हणून परत करतात का? उद्या ताप आला तर हीच माणसं दवाखान्यात नेणार होती. मी वैशालीला बजावून ठेवलं होतं की कुणाचं काही काढायचं नाही, वाईट वाटतं. ती बरं म्हणाली होती. फॉर्मॅट मारून सगळं नव्याने टाकायचं म्हटलं, तर माझ्या कामाचं सॉफ्टवेअर ज्या सीडीवरून आलं ती सीडी तोवर कुठल्या कुठे गेली होती.

दिवाळीला मी आठ दिवस परभणीला गेले. वैशालीला सुट्टी मिळाली नाही, ती खोलीवरच राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. फराळ काय काय झाला, दादाचा मुलगा किती मोठा झाला, आणि शेवटी हमखास, मशीनचं काय करायचं गं आता? मी म्हणायचे, तू नको डोकं लावू, आल्यावर बघते. फोन ठेवल्यावर आई म्हणायची, बहिणीसारखी आहे बघ. आईने तिच्यासाठी वेगळा डबा भरला, त्यात तिला आवडतात म्हणून नुसत्या चकल्या. एकही फुटू नये म्हणून मी तो डबा बसमध्ये रात्रभर मांडीवर धरून बसले होते.

परत आले तर मशीन होतं तसंच. पहिल्याच संध्याकाळी तीनदा बंद पडलं. वैशाली पलंगावर बसून चकली खात होती. हळहळली. म्हणाली, तुझ्याच नशिबी का गं हे असलं? पुढच्या आठवड्यात सेव्ह करता करता माझी मुख्य फाइलच मोडली. अर्ध्याहून जास्त काम गेलं. मी उघड्या कॅबिनेटसमोर बसून हुंदके देऊन रडले आणि वैशालीने पाठीवरून हात फिरवला. तो हात मला आठवतो. थंड होता, ती नुकतीच भांडी घासून आली होती.

द्यायच्या तारखेआधीच्या शनिवारी आक्कांची कापणी होती. त्यांच्याकडे अजून सावड चालायची. आज यांच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्यांच्या, मजुरी नाही, फक्त जेवण. माझं मन खोलीत लागेना म्हणून मी भाकऱ्यांची पाटी घेऊन आक्कांबरोबर शेतावर गेले. बांधावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, मशीन लई आजारी हाय का गं तुजं? मी सांगितलं की सगळ्यांनी मदत केली, ज्याने त्याने आपापलं टाकलं, तरी काही होत नाही. आक्का खाचराकडे बघत होत्या. सहा-सात बायका एका रांगेत वाकून कापत होत्या.

"माणसं लई झाली म्हंजी काम व्हतंय असं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या खाचरात सातच मावत्यात. आठवी घातली का इळं एकमेकीच्या हाताला लागत्यात. मंग आमी आठवीला बांधावं बसिवतो, पेंढ्या बांध म्हणतो. तिला काय राग येत न्हाई."

त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि मला शेतीतलं. पण मी तशीच उठले आणि खोलीवर आले.

त्या शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी मी पहिल्यांदा माझ्या मशीनला माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. वही घेतली. आत काय काय आहे, कुणी टाकलं, कधी टाकलं, सगळं लिहून काढलं. एकवीस गोष्टी निघाल्या. मशीन सुरू होताना आपणहून चालू होणारं सगळं बंद केलं. तीन तास चाललं, हूं नाही की चूं नाही. मग एकेक चालू करत, दर वेळी वीस मिनिटं थांबत गेले. व्हायरस मारणारे दोघे एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालत होते आणि एकमेकांनाच चोर समजत होते. मेमरी मोकळी करणारा त्यांच्या पायाखालची जागा काढून घेत होता. नसलेल्या टीव्ही कार्डाचा ड्रायव्हर पडद्याच्या ड्रायव्हरशी भांडत होता. यातला वाईट कुणीच नव्हता. एकेकटा प्रत्येक जण नीट चालत होता. मी व्हायरसवाल्यांपैकी एकच ठेवला, बाकीचे काढले आणि काढताना प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागितली.

मशीन बरं झालं. म्हटलं, आता या स्थितीची खूण करून ठेवावी. मशीनमध्ये तशी सोय असते. आजच्या तारखेला नाव द्यायचं, म्हणजे पुढे बिघडलं तर नेमकं इथवर परत येता येतं. ती सोय मी कधी वापरली नव्हती. उघडली तर महिन्याचं कॅलेंडर आलं आणि त्यात काही तारखा ठळक होत्या. पाडव्याची तारीख ठळक होती. पाडव्याला मी परभणीत होते.

त्या तारखेवर दोन नोंदी होत्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी. पहिली, 'काढण्याआधी'. दुसरी, तासाभराने, 'काढलं, मस्त चालतंय'. मग चार दिवस काही नाही. आणि मी परत आले त्याच्या आदल्या दिवशी मशीनने स्वतः केलेली नोंद होती की त्याला मागे नेण्यात आलं आहे. कुठे मागे, तेही होतं. 'काढण्याआधी'.

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. बाहेर आक्कांच्या अंगणात भात झोडायला सुरुवात झाली होती. खोलीची किल्ली दोघींकडेच होती. तिने तासाभरात दुखणं शोधलं होतं. मला महिन्याहून जास्त लागला, तिला एक तास. चार दिवस मशीन नीट चालवलं होतं. आणि मग, मी बसमध्ये चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या आधी, दुखणं जसंच्या तसं परत आत घालून ठेवलं होतं.

मला सगळ्यात आधी राग आला नाही. मला लाज वाटली. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचते आहे, मीच हलक्या मनाची आहे. विश्वास मोडतो तेव्हा पहिला संशय स्वतःवर येतो, हे मला तेव्हा कळलं आणि ते कळायला नको होतं.

संध्याकाळी चारला वैशाली आली. ऑफिसला जाते म्हणून सकाळीच गेली होती. मी पडदा तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. पर्स खांद्यावरून काढली नाही.

"तुझं होतं तसं ठेवलं," ती म्हणाली. "तूच म्हणाली होतीस, कुणाचं काही काढायचं नाही."

"फोनवर सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

मग मी विचारलं, चार दिवस काय केलंस मशीनवर? तिने पर्स काढून गव्हाणीच्या कडेवर ठेवली. सांगायची गरज नव्हती. तिनेही फॉर्म भरला होता. प्रोग्रॅम त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत बसून लिहिला होता, पेनड्राइव्हवर नेला होता आणि मागे एकही फाइल ठेवली नव्हती. नीटनेटकी मुलगी होती ती. फक्त त्या दोन नोंदी पुसायचं तिला सुचलं नाही. एकेकटी नोंद तिथे पुसता येत नाही, हे मला नंतर समजलं.

मी तिच्यावर ओरडले नाही. मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. मी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले, ती स्टोव्हवर चहा ठेवायला गेली. दोन कप केले. माझा कप माझ्याजवळ आणून ठेवला आणि मी तो प्यायले. मशीन त्या दिवशी एकदाही बंद पडलं नाही. तीन आठवड्यांचं काम एका रात्रीत होत नाही. सोमवारी सकाळी मी अर्धाच प्रोग्रॅम दिला आणि घेणाऱ्या साहेबांनी बाकीचा कुठे आहे असं विचारलं तेव्हा मशीन बिघडलं होतं एवढंच म्हणाले. ते हसले. टेस्टिंगवाल्यांना हे कारण नवीन नसतं.

जागा वैशालीला मिळाली. तिचा प्रोग्रॅम चांगला होता, मला नंतर पाहायला मिळाला. चोरलेला नव्हता, तिचाच होता. तो चांगला नसता तर मला या सगळ्याचं ओझं कमी वाटलं असतं. डिसेंबरात तिने बाणेरला फ्लॅट बघितला. जाताना आक्कांच्या पाया पडली. आक्कांना मी काही सांगितलं नव्हतं, पण खोली सोडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायच्या ती साखर त्यांनी तिच्या हातावर ठेवली नाही. आशीर्वाद दिला आणि आत निघून गेल्या.

मी परभणीला गेले नाही. दुसऱ्या एका कंपनीत पुन्हा कंत्राटावर लागले, दीड वर्षाने कायम झाले. आता माझ्या हाताखाली सात जण आहेत. ते स्थळ दुसरीकडे जमलं, त्यांना दोन मुलं आहेत; माझंही लग्न झालं. म्हणजे नुकसान काय झालं असं विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे फारसं काही नाही. नुकसान वेगळ्याच जागी झालंय. माझ्या टीममधलं कुणी आपणहून मदतीला आलं की मी आधी त्याने कशाला कधी हात लावला ती तारीख बघते. नवरा रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, कशी आहेस, आणि माझ्या मनात येतं, का विचारतोय? तो बिचारा खरंच विचारत असतो. टायफॉइडमध्ये वैशालीने भरवलेली खिचडीही खरीच असणार. ती खरी होती हेच मला जास्त छळतं. सगळंच खोटं असतं तर एका फटक्यात काढून टाकता आलं असतं.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला सगळीकडे माणसं कमी करत होते. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. तिला काढलं होतं. वडिलांचं डायलिसिस चालू होतं, फ्लॅटचे हप्ते होते. तिने जुनं काही काढलं नाही, मीही नाही. म्हणाली, "मंजू, तुझ्याकडे काही आहे का गं? कंत्राटावर असलं तरी चालेल."

माझ्या टेबलावर त्या क्षणी मंजूर झालेल्या जागेचा कागद होता. टेस्टिंगची, एक. मी पुढच्याच आठवड्यात त्यासाठी तिघांच्या मुलाखती घेतल्या आणि वैशालीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या एका मुलाला घेतलं.

"नाही गं," मी म्हटलं, "सध्या काहीच नाही. निघालं की पहिलं तुला सांगते." आणि ती मनापासून थँक्यू म्हणाली.